मोंगराची नक्कल

छत्तीसगडात मामा भाचीच्या पाया पडतो; त्या रीतीप्रमाणे भाचीच्या दोन्ही पायांना हात लावल्याशिवाय डोमार मामा घरात शिरत नसे. त्या दिवशी तो वाकला, तर पाच वर्षांच्या मोंगराने एकच पाय पुढे केला. डावा नुसता टेकवून धरला.

"दीदी, हिचा पाय दुखतोय बघ. दाखव कुठेतरी."

"दुखतोय कसला! नाटकी आहे तुझी भाची," मोंगराची आई लोकेश्वरी हसली. "माझी नक्कल करते."

घरात सगळे तेच म्हणत. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराने लोकेश्वरीचा खुबा तिशीच्या आतच निकामी केला होता. ती लंगडत होती त्याच काळात मोंगरा चालायला शिकली. गेल्या वर्षी रायपूरला लोकेश्वरीचा खुबा बदलला, आणि तेव्हापासून तिच्या मनाला एकच घोर लागला. हा टिकणार किती? शेजारच्या म्हाताऱ्या काकींना बसवलेला खुबा त्यांच्या जन्माला पुरणार होता. हिचं सगळं आयुष्य पुढे पडलेलं. म्हणून ती त्याला जपे. जमिनीवर बसत नसे, पोरीला कडेवर घेत नसे. पाऊलही बिचकत टाके; आपण अजून लंगडतोच, असं तिने धरूनच ठेवलं होतं.

खुब्याच्या पुढच्या तपासणीला मोंगरा बरोबर होती. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, सांधा छान बसलाय म्हणाले. लोकेश्वरीने पुन्हा तोच प्रश्न विचारला. वीस वर्षं टिकेल, जास्तही टिकेल, पण तरुण माणसाचा वावर जास्त, तेव्हा पुढेमागे परत बदलावा लागू शकतो, हे त्यांनी लपवलं नाही. मग तिला चालून दाखवायला सांगितलं.

ती व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. मागून मोंगरा, डावा पाय ओढत.

"माझी नक्कल करते, साहेब," लोकेश्वरी ओशाळून म्हणाली.

डॉक्टर पोरीकडेच बघत होते. "तू तर सरळ चालतेस, लोकेश्वरी. मग ही कुणाची नक्कल करते?"

त्याच दुपारी मोंगराचं रक्त तपासलं, पायाचा फोटो निघाला. दुखणं आईचंच होतं. मात्र खुबा अजून वाचवता येण्यासारखा होता.

आता भेटेल त्याला लोकेश्वरी सांगते, आणि तुम्हालाही तेच सांगेल: घरातलं पोर कुणाची नक्कल करतंय म्हणून हसत असाल, तर आजच त्याला जवळ घ्या आणि कुठे दुखतंय का, एवढं विचारा.