साहेब येणार म्हणून

आंब्याचं तोरण. शेजारच्या शाळेतून उसना आणलेला पंखा. तिथूनच उसन्या आलेल्या दोन शिक्षिका. ओल आलेल्या भिंतीवर जगाचा नकाशा.

साहेब येणार म्हटलं की आमची नगरपालिकेची शाळा अशीच सजते. या वेळी राज्य सरकारचे साहेब शाळा ताब्यात घ्यायची की नाही, ते ठरवणार होते. घेतली, तरच पाच वर्गांना पुरेसे शिक्षक मिळणार होते. आजवर सगळे वर्ग एकट्या तडवीबाई शिकवत होत्या.

“आप्पा, तुमच्या लग्नातसुद्धा एवढी सजावट नव्हती,” बाई पालक समितीच्या अध्यक्षांना म्हणाल्या.

“लग्नाला साहेब कुठं आले होते?” आप्पा हसले.

साहेबांनी वर्ग पाहिले, पाढे ऐकले, चहा घेतला. “उत्तम चाललंय. शाळा नगरपालिकेकडेच राहू दे. सरकार अडचणीतल्याच शाळा घेतं.”

बाईंना हसूच आलं. आप्पा नकाशाकडे बघत राहिले. तो उचलून भिंत दाखवावी, हेही त्यांना सुचलं नाही. तोवर गाडी निघाली.

त्या दिवशी पहाटे शाळेच्या नळाला पाणी नव्हतं, म्हणून मुलींचा संडास धुवायला पालकांनी घरून हंडे भरून आणले होते.