नळाखालचा बीकर

नळीतलं वरचं पाणी सिंकमध्ये ओतून झालं आणि त्या नवख्या विद्यार्थिनीच्या लक्षात आलं. तिला हवं असलेलं प्रोटीन तळाच्या गाळात नव्हतंच, त्या पाण्यात होतं! विद्यापीठ एवढंसं, नळ्या गरगर फिरवून गाळ तळाला बसवणारं सेंट्रिफ्यूज मशीन एकच. त्यावर नंबर मिळावा म्हणून तिने सीनियरच्या किती मिनतवाऱ्या केल्या होत्या. ज्यांतून प्रोटीन काढायचं त्या पेशी तर अख्खं सत्र तळहाताच्या फोडासारख्या जपल्या होत्या. "ओतलंस ना?" मागून प्रयोगशाळेच्या मॅडमनी विचारलं. तिने डोळे पुसत मान हलवली. मॅडम चक्क हसल्या. "अगं, रडतेस काय? नवीन मुलं हमखास ओततात. नळाखाली तो कळकट बीकर मी काय शोभेला ठेवलाय? सगळं त्यातच पडलं असेल, काढ बघू." तिने सिंककडे पाहिलंसुद्धा नाही. तिची नजर वरच्या रॅकवर खिळली होती. तिथे तोच बीकर पालथा लखलखत होता. मॅडम खूश होतील म्हणून सकाळी तिनेच तो घासून ठेवला होता.