राजोडीचा नमुना

"नारळी पुनवेपासून घरात बोंबलाचं शेपूट आलेलं नाही," हंसा चुलीशी पुटपुटली. "आधी हे दर गुरुवारी केळी विकायला राजोडीला जायचे, येताना सुकट आनायचे. आता म्हने गुडघे दुखतात."

ओटीवर बसलेल्या तिच्या नवऱ्याने, शांतारामने ऐकलं.

समोर ऋतिका होती. मुंबईच्या प्रयोगशाळेत बुरशीवर संशोधन करणारी. होळीच्या सुमारास ती त्यांच्या गावी, गिरीजला आली होती आणि हंसाच्या मडकीतलं आंबोळीचं पीठ चमचाभर घेऊन गेली होती. दर वेळी वाटीभर मागे ठेवायचं, त्यात नवं मिसळायचं. हंसाच्या आईपासून चालत आलेलं.

"मावशी, पीठ फुगवते ती बुरशीच. वीस घरांतल्या बुरशीचे जीनोम, म्हणजे जन्मकुंडल्याच म्हणा, शेजारी ठेवून बघितले. घराघराची वेगळी निघाली. फक्त राजोडीच्या एका घरातली तुमच्याशी जुळते. तिथलं पाणी खारं, त्यात तगायला थोडी बदललीय. पण मूळ तुमच्याच मडकीतलं."

हंसाचा हात थांबला. "कोनाचं घर?"

"नाव सांगता येत नाही. अगदी समुद्राकडेचं. होळीतच गेले होते तिथे. बाई बारीकशा, खोकत होत्या. तरी मला आंबोळ्या वाढल्याच."

शांताराम उठला. "चहा झाला ना पोरी? नीघ, रिक्षा मिळायची नाही."

ऋतिका गेली.

नऊ वर्षांपूर्वी त्यांची लेक दिपिका राजोडीच्या फ्रेडरिकशी लग्न करून गेली, तेव्हा शांतारामने बजावलं होतं, या घरात तिचं नाव निघायचं नाही. हंसाने ते पाळलं. हल्ली तर शेजारणीही तिच्यापुढे राजोडीचा विषय काढत नव्हत्या.

"लबाड!" हंसा रडतारडता हसली. "मी वाडीत असताना येऊन गेली असनार. वाटीभर पीठ चोरून नेलं न् मी मांजराला शिव्या घातल्या!" तिने पदराला हात पुसले आणि मडकी उचलली. "उद्या जानार मी. ताजं पीठ नेते तिला. मग काढा घराबाहेर, काढायचं तर."

शांतारामने मडकी तिच्या हातातून काढून घेतली.

"ती नव्हती आली. पीठ मीच नेलं. दर गुरुवारी तिच्याकडंच जायचो."

हंसाने विचारलं, "मग बंद का केलंत?"

"गुडघे नाही गं दुखत माझे," तो म्हणाला. "नारळी पुनवेला दिपिकाला माती देऊन आलो."