काळजीखोर
अकरा वर्षं शालनताईंचं पोट जळत होतं आणि अकरा वर्षं यजमान म्हणत होते, "तुझा स्वभावच काळजीखोर, त्याला कोण काय करणार?" शालनताईंनी तिखट सोडलं, चहा सोडला, महिला मंडळातली भांडणंसुद्धा सोडली.

आज दुर्बिणीने तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जठरात जंतूंनी अल्सर केलाय. काळजीचा संबंध नाही."

"इतक्या आम्लात जंतू जगतात?" यजमानांनी विचारलं.

"आम्लाने बिघडलेली स्वतःची प्रथिनं ते दुरुस्त करतात, अगदीच वाया गेलेली मोडून टाकतात. चिवट असतात. गोळ्या चुकवू नका."

बाहेर यजमानांनी स्कूटर काढली. "चल, आता उगाच काळजी करू नकोस."

शालनताई भडकल्या. "एवढ्याशा जंतूला काय बिघडलंय ते कळतं. तुम्हाला मात्र माझा स्वभावच बिघडलेला दिसला!"

त्यांनी रिक्षाला हात केला.