तिसरा पत्ता

नवीन शिलाई मशीनसाठी बँकेनं कर्ज नाकारलं, म्हणून मी माझा क्रेडिट रिपोर्ट काढला. त्यात माझ्या नावावर फ्रिज आणि सोफ्याचं कर्ज निघालं, वर सहा हप्ते थकलेले! पत्त्यांच्या रकान्यात तीन पत्ते होते. एक माहेरचा, एक सासरचा, आणि तिसऱ्या ठिकाणी मी जन्मात पाऊल ठेवलेलं नव्हतं.

"ओळखपत्राची झेरॉक्स काढायला धाकट्याला पाठवलं होतंस ना? मग बस आता," नवरा म्हणाला. "माझा सख्खा भाऊ असला तरी सांगतो, त्याचा काही भरवसा नाही."

मला ते लगेच पटलं. संध्याकाळी भावजी आले, तर मी त्यांना तोंडावर चोर म्हणाले. हातातला चहा तसाच ठेवून ते निघून गेले.

तरी मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी विचारत विचारत त्या तिसऱ्या पत्त्यावर गेले. जिने चढायची वेळच आली नाही, रस्त्यावरूनच पहिल्या मजल्याची खिडकी दिसली.



खिडकीला निळे पडदे होते, कापड कमी पडलं म्हणून खाली पिवळी पट्टी जोडून मीच शिवलेले, नवऱ्यानं साहेबांच्या केबिनसाठी म्हणून नेलेले.