गार

पहिल्या लाथेला दार हललं, दुसरीला कडी तुटली. आडव्या आलेल्या रखवालदाराला थोरल्याने भिंतीवर आपटलं आणि तो अतिदक्षता विभागात घुसला. त्याचा हात पहिल्यापासून डोक्याच्या आधी चाले.

पलंगावर धाकटा भाऊ होता. गॅरेजात चोरांनी त्याचा गळा आवळला, असं थोरल्यानेच सगळ्यांना सांगितलं होतं. बंद पडलेलं हृदय डॉक्टरांनी पुन्हा चालू केलं होतं. पण आई आत भेटून आली आणि म्हणाली, "गार पडलाय रे तो." तेवढ्यावर याचं डोकं फिरलं.

"मेलेल्याला नळ्या लावून आम्हाला फसवता?"

मध्ये आलेल्या नर्सच्या तोंडावर त्याचं कोपर बसलं. तिचा ओठ फाटला. धाकट्याच्या छातीवर, मांड्यांवर गार पाण्याचे पट्टे चिकटवले होते. ते त्याने ओरबाडून काढले, कातडी सोलली तरी थांबला नाही. मग भावाच्या अंगावर पडून तो त्याला चोळू लागला. "ऊठ ना, छोट्या. एकदा ऊठ."

नर्सने त्याला केसांना धरून मागे ओढलं. तोंडातलं रक्त ती तिथेच थुंकली.

"जिवंत आहे तो! मेंदू वाचावा म्हणून आम्हीच गार ठेवलाय. ऊब दिलीत तर तुम्हीच माराल त्याला!"

थोरल्याने हात मागे घेतले. यंत्रावर तापमानाचा आकडा चढत होता. डॉक्टर नवे पट्टे आणायला धावले. नर्सने बर्फाच्या पिशव्या थोरल्याच्या हातात कोंबल्या.

"काखेत ठेवा."

त्याने ठेवल्या.

"आता या मानेला. दोन्ही बाजूंनी धरा."

तो मागे सरकला.

"मानेला नको. मानेला हात लावायला नका सांगू मला."

"ही वेळ आहे का नखऱ्यांची? धरा!"

त्याने धरलं. बर्फाने तळवे भाजले. पिशव्यांच्या कडेबाहेर आलेली त्याची बोटं गळ्यावरच्या काळ्यानिळ्या वळांवर बसली. एकेक, माप घेतल्यासारखी. नर्स ते बघत राहिली.

रखवालदाराने बोलावलेले पोलीस दारात आले होते.

"त्यांना आत घ्या, सिस्टर," थोरला म्हणाला. "पट्टे लागेपर्यंत हात मात्र मी काढत नाही."