छताला दोनशे भोकं

ठिणगीनं बटण दाबलं, मान वर केली आणि तिचा चेहराच पडला.

"बाबा, हे आकाश आहे की बाथरूम?"

तिचा बाप, धंद्यानं फरशीवाला, शिडी पुसत होता. त्यानंही वर बघितलं. काळं रंगवलेलं पातळ प्लाय, त्याच्या वर दिव्यांच्या पट्ट्या, आणि प्लायला पाडलेल्या दोनशे भोकांतून दोनशे चांदण्या. दहा ओळी, एकेकीत वीस. केसभर इकडे नाही की तिकडे नाही. सकाळपासून सूत धरून, काटकोनाला गुण्या लावून, खडूच्या भुकटीनं रेघा मारून पाडलेल्या. त्याला तर मघाशी बघूनच गार वाटलं होतं.

"तूच म्हणालीस, दोनशे पाडा."

"दोनशे म्हणाले, कवायत म्हणाले नाही! चांदण्या काय हात पुढे करून, अंतर घेऊन उभ्या असतात?"

घरात तिला ठिणगी म्हणायचे, आणि ते नाव उगाच पडलेलं नव्हतं. पण पंधरा दिवस ही पोरगी एका जागी बसून राबली होती. अडगळीच्या खोलीचं तिनं अवकाशयान केलं होतं. अंड्यांच्या ट्रेंना चंदेरी रंग मारून भिंती, पिंपाच्या झाकणाची गोल खिडकी, मोडक्या वॉशिंग मशीनची बटणं लावून चालकाचं टेबल. समोर पडदा, मागे जुना सोफा. छत तेवढं उंच, म्हणून ते बापाकडे. आणि पाच वाजता तिच्या वर्गातल्या चार मैत्रिणी पिक्चर बघायला येणार होत्या. म्हणजे जुन्या वर्गातल्या. तिनं शाळा सोडल्यापासून वर्षभर त्यांच्यातली एकही या दारात आली नव्हती. तिनंही बोलावलं नव्हतं. बोलावलं ते या खोलीच्या जोरावर.

तिनं फोन काढला. "येऊ नका म्हणून सांगते."

"अगं, त्या पिक्चर बघायला येतायत," आई दारातून म्हणाली, "छत तपासायला नाही."

"तू नको बोलूस, आई. आधीच त्यांना वाटतं मी घरी बसून माशा मारते. आता म्हणतील, माशासुद्धा ओळीत मारते."

"थांब," फरशीवाला म्हणाला. "मधे मधे आणखी पाडतो. वेडीवाकडी."

तो चढला. ड्रिल फिरलं, भुसा खाली आला, एक नवी चांदणी उजळली. मग दुसरी. मग तिसरी.

"बाबा."

"काय?"

"परत ओळ."

खरंच की. तिन्ही दोन-दोन चांदण्यांच्या बरोब्बर मध्ये. त्यानं डोळे गच्च मिटले आणि चौथं भोक पाडलं. तेही चौघींच्या मधोमध. सव्वीस वर्षं सरळ वागलेला हात, आज तरी कसा ऐकणार?

"उतरा खाली," ती म्हणाली. तिचा राग नाकाच्या शेंड्यावरच होता, पण बापाच्या भुवयांवर भुसा बसलेला बघून तिला फिस्सकन हसू आलं. फोन सोफ्यावर फेकून ती बाहेर गेली आणि एक रबरी चेंडू घेऊन आली. बापाच्या खडूच्या भुकटीत तो घोळला आणि दात-ओठ खाऊन वर मारला. थप्प. छताला पांढरा ठिपका.

"तिथे पाडा."

थप्प.

"आता तिथे."

चेंडूला कुणी सरळ वागायला शिकवलेलं नव्हतं. आईनंही पदर खोचून एक मारला. तो छताला न लागता थेट चालकाच्या टेबलावर आदळला आणि दोन बटणं उडाली.

"गेलं यान!" फरशीवाला शिडीवरून ओरडला.

तेवढ्यात बेल वाजली. साडेचारच झाले होते.

शिडी मधोमध, जमिनीवर खडू नि भुसा, छत अर्धं कवायतीतलं नि अर्धं सुटलेलं. ठिणगी जागची हलेना. "मी घरी नाही म्हणून सांग," ती पुटपुटली. पण आईनं दार उघडलंसुद्धा होतं.

चौघी खोलीच्या उंबऱ्याशी येऊन थबकल्या. मग त्यांच्यातल्या चष्मेवालीनं विचारलं, "काय चाललंय हे?"

ठिणगीनं हनुवटी वर केली. "चांदण्या पाडतोय."

"बॉलनं?"

"हो. मग?"

चष्मेवालीनं वर बघितलं, खाली बघितलं, चपला काढल्या. "मला दे."

पिक्चरची आठवण कुणालाच राहिली नाही. चेंडू थप्प, ड्रिल घर्र, चांदणी. एकीला स्वतःची सगळ्यात मोठी हवी होती, तर तिच्यासाठी ड्रिलला जाड बिट लावावं लागलं. सात वाजता पाचही जणी केसांत खडू घेऊन जमिनीवर उताण्या पडल्या होत्या आणि कुणाची कुठली यावरून अर्धा तास भांडत होत्या. तेवढा वेळ फरशीवाला सोफ्यावर बसून होता. शेवटी तो उठला. पडद्याच्या वरचा एक कोपरा अजून काळाच होता. फार तर दहा मिनिटांचं काम.

तो शिडी चढला.

"काका, तेवढं झालं की आम्ही निघतो हं," चष्मेवाली म्हणाली.

त्यानं खाली बघितलं. ठिणगी उठून बसली होती. गप्प. ही पोरगी गप्प बसलेली त्यानं कधी बघितली नव्हती.

तो तसाच खाली उतरला.

"मशीन तापलंय," तो म्हणाला. "आता नाही चालायचं. राहिलेलं उद्या."

"मग उद्या पाचला येऊ?"

"चारला या. काम बरंच आहे."

ठिणगीनं पुढे होऊन त्याच्या हातातलं ड्रिल घेतलं. ते कोमटसुद्धा नव्हतं.

"बापरे," मैत्रिणींकडे वळून ती म्हणाली, "हात भाजतोय."